रोगाचे गाव

कॉलऱ्याचा इतिहास सांगायचा म्हटला की तो १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे सुरू करण्याचा परिपाठ आहे. तेथून हा रोग जगभर गेला, म्हणून त्याला ‘एशियाटिक कॉलरा’ हे नाव पडले, असे पुढचे वाक्य येते आणि वाचणाऱ्याला या दोन वाक्यांमध्ये काही खटकत नाही. पहिले वाक्य साथीच्या प्रवासाविषयी आहे व बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे नावाविषयी आहे आणि ते निर्मळ नाही. प्रस्तुत लेखाचे भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. ते प्रथम लिहिणाऱ्या युरोपीय वैद्यांशी आहे, आणि त्याहून अधिक ते विनातक्रार उतरवून घेणाऱ्या आपल्या अभ्यासकांशी आहे. रोगाचे नाव हा वैद्यकाचा विषय, साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. शब्द कोठून निघाला, कोणाकोणाच्या तोंडून गेला, वाटेत त्याचे काय झाले आणि त्याच्या जागी कोणता शब्द बसवला गेला, हे विचारणे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम नसेल, तर ते दुसऱ्या कोणाचे आहे हे शंका घेणाऱ्यानेच सांगावे.

भारतात आलेल्या युरोपीयांनी या रोगाची ओळख करून घेतली ती एका मराठी-कोंकणी नावाने. १५४३ साली गोव्यात भयंकर साथ आली. ‘लेंदास द इंदिया’ या पोर्तुगीज बखरीचा कर्ता गास्पार कोरैया त्या काळी भारतात होता. पोटातली जीवघेणी कळ, हातापायांचे पेटके, काळवंडलेली नखे आणि घटकेत येणारा मृत्यू, असे त्याने त्या रोगाचे वर्णन केले आहे. गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझा याने एक प्रेत फाडून पाहायला लावले. मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवण्यासही त्याने मनाई केली, कारण दिवसभर चाललेल्या त्या नादाने जिवंत माणसांचा धीर सुटत होता. (साथीत सत्ता प्रथम काय बंद करते, याचा हा जुना दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे.) लोक या रोगाला काय म्हणतात तेही कोरैयाने कानावर पडले तसे लिहून ठेवले: ‘मोरिशी’.

त्यानंतर वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. या रोगावर त्यात स्वतंत्र विवेचन आहे. हा रोग आमच्या देशातल्यापेक्षा येथे फार तीव्र आहे, तो बहुधा एका अहोरात्रात मारतो, दहा तासांपेक्षा अधिक न टिकलेले रोगी मी पाहिले आहेत, असे तो सांगतो. नावाविषयी तो जे सांगतो ते आपल्या कामाचे आहे. येथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ करतो, अशी त्याची स्वच्छ कबुली आहे. दुसऱ्याचा शब्द आपण बिघडवला हे छापून सांगणारा वसाहतकालीन लेखक विरळा. ऑर्ता जन्माने ज्यू घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. कोणावर कोणते नाव लादले जाते आणि त्याची किंमत काय पडते, याचा अनुभव या माणसाच्या कुळाला निराळ्या रीतीने होता.

‘मोर्शी’ म्हणजे आपली ‘मोडशी’. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाची वाट नीट शोधलेली आहे आणि मूळ मराठी धातू ‘मोडणे’ हा दिलेला आहे. स्वरानंतर येणारा आपला ‘ड’ जीभ उलटी वळवून निसटता उच्चारला जातो. पोर्तुगीज कानाला तो ‘र’ वाटला. त्यातून ‘मोर्शी’, तिचे ‘मोर्देशी’, शेवटी अनुनासिक लागून ‘मोर्देशीं’. येथवरची घडण कोणत्याही परभाषी तोंडात होते तशीच आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पुढे हा शब्द फ्रेंचांच्या हाती पडला. त्यांच्या कानाला त्यात त्यांचीच भाषा ऐकू आली आणि त्यांनी तो ‘मॉर द शियँ’ असा लिहिला. त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत या देशातले इंग्रज वैद्यही या रोगाला बिनदिक्कत हेच नाव देत होते. कुत्र्याच्या मौतीने मरणे हा शब्दप्रयोग मराठीतही आहे, परंतु तो आपण शत्रूसाठी राखून ठेवतो. अंथरुणावर पडलेल्या रोग्याला उद्देशून तो आपण वापरलेला नाही.

मूळ शब्दाने काय सांगितले होते ते पाहिले म्हणजे या रूपांतराची खोच कळते. अंग मोडून येते, कंबर मोडते, माणूस मोडून पडतो, संसार मोडतो, चालता बाजार मोडतो. ‘मोडणे’ या धातूत आकार शिल्लक राहून आधार नाहीसा होण्याची जाणीव आहे. या रोगात शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत वाहून जातात, रक्ताचे आकारमान घटते, नाडी लागेनाशी होते, डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही. ज्या कोणा अनामिक मराठी किंवा कोंकणी माणसाने प्रथम ‘मोडशी’ म्हटले, त्याने डोळ्यांसमोर घडत होते तेच सांगितले. इंग्रजी वैद्यकाने पुढे या अवस्थेला जो शब्द योजला, त्याचाही अर्थ कोसळणे हाच आहे.

आता ‘कॉलरा’ या शब्दाकडे वळू. तो ग्रीक आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात वांत्या व रेच यांनी शरीरातले पित्त बाहेर टाकणाऱ्या विकाराला हे नाव होते, आणि पित्तवाचक ग्रीक शब्दाशी त्याचा संबंध परंपरेने जोडला जातो. युरोपात उन्हाळ्याअखेरीस होणारा हा विकार त्रासदायक असे. त्याने गावे ओस पडत नसत. आपल्याकडच्या रोगात तर बाहेर पडते ते तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी. पित्ताचा त्यात मागमूस नसतो. म्हणजे रोगाचे मुख्य लक्षण ज्या नावाने खोटे ठरते ते नाव जगभर रूढ झाले आणि लक्षण बरोबर सांगणारे नाव कुत्र्याच्या दावणीला बांधले गेले. नाव चुकीचे आहे हे युरोपीय वैद्यांनाही कळत होते. आपला जुना सौम्य कॉलरा आणि हा नवा मारेकरी एक नव्हेत, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी नवे नाव शोधण्याऐवजी त्यांनी जुन्या नावाला विशेषण जोडले. ते विशेषण ‘एशियाटिक’.

येथून शब्दाची गोष्ट संपते आणि आरोपपत्र सुरू होते. १८१७ च्या साथीचा प्रवास कोणाच्या पायांनी झाला ते पाहावे. त्या वर्षाच्या अखेरीस ती बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. हे सैन्य पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्धच्या मोहिमेवर निघालेले होते. १८१८ मध्ये, म्हणजे मराठी राज्य बुडाले त्याच वर्षी, साथ दख्खनमार्गे मुंबईत पोचली. १८२१ मध्ये ती ओमानला गेली, तेव्हाही मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश फौजेची वाट तिच्या वाटेशी जुळत होती. लष्करी तळ, रसदीचे तांडे आणि व्यापारी गलबते यांनी ज्या रोगाला दूरवर नेले त्याला आशिया खंडाचे नाव मिळाले. त्याला ‘कंपनी कॉलरा’ म्हणावे असे कोणालाही सुचले नाही.

१८६६ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने गंगेचे खोरे हे या रोगाचे माहेर ठरवले आणि यात्रांकडे बोट दाखवले. १८७२ मध्ये ओडिशावरील आपल्या ग्रंथात विल्यम हंटर या विद्वान सनदी अधिकाऱ्याने जगन्नाथाच्या यात्रेकरूंचे जे चित्र काढले ते या नावाचे भाष्यच आहे. या यात्रेकरूंच्या चिंध्यांत व केसांत दडलेला संसर्ग एखाद्या वर्षी व्हिएन्ना, लंडन आणि वॉशिंग्टन येथल्या गुणवान व सुंदर माणसांना मारील, अशी धास्ती त्याने घातली. पुरीच्या वाटेवर जी माणसे प्रत्यक्ष मरत होती ती या वाक्यात मरणारी म्हणून येतच नाहीत. ती येतात मारणारी म्हणून. पंढरीच्या आषाढी-कार्तिकीकडेही सरकारी आरोग्य खाते याच दृष्टीने पाहत असे. दरम्यान १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो याने एका पंपाच्या पाण्यापर्यंत साथीचा माग काढला होता. म्हणजे लंडनमध्ये दोष पंपाचा आणि पुरीत दोष यात्रेकरूचा. गंमत अशी की, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि भारतातून जाणारी जहाजे विलगीकरणासाठी अडकू लागण्याची चिन्हे दिसली, तेव्हा हिंदुस्थान सरकारचा आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम हा रोग माणसाकडून माणसाकडे जात नाही असे आग्रहाने सांगत होता. यात्रेकरू निघाला की रोग निघतो आणि माल निघाला की तो घरी बसतो, असे हे शास्त्र होते.

एवढे वाचून ज्यांना केवळ युरोपवर ताशेरे ओढल्याचा आनंद होत असेल त्यांनी मरीआईचा गाडा आठवावा. गावात पटकी शिरली की देवीचा गाडा करायचा. त्यावर हिरवे लुगडे, बांगड्या, लिंबू, कोंबडे ठेवायचे. वाजतगाजत तो शिवेवर नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि मागे वळून न पाहता परतायचे. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलायचा. या गाड्यांवरून शिवेवर माऱ्यामाऱ्या झाल्या आहेत. ‘एशियाटिक’ हे विशेषण म्हणजे युरोपने काढलेला मरीआईचा गाडाच होय. फरक एवढाच की त्यावर लुगडे-बांगड्या नव्हत्या, परिषदेचे ठराव होते. आपल्या संस्कृत वैद्यकानेही गाडा काढलेला आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त उपदंशासारख्या नव्या रोगाचे नाव ‘फिरंगरोग’ असे आहे. त्याच रोगाला इटलीतले लोक फ्रेंचांचा आणि फ्रान्समधले लोक नेपल्सचा म्हणत होते. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या एका प्रकाराला ‘इंडियन’ म्हटल्याबद्दल आपल्या सरकारने हरकत घेतली, ती योग्यच होती. त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच शहरांत ईशान्येकडच्या मुलामुलींना त्या विषाणूच्या नावाने हाका मारल्या गेल्या, आणि एका धार्मिक मेळाव्याचे निमित्त करून एका समाजाचे नाव साथीला जोडले गेले, तेव्हा ही भाषिक जागरूकता कोठे होती?

दुसरा एक पक्ष आहे तो अभिमानाचा. या पक्षाला ‘मोडशी’, ‘पटकी’, ‘वाखा’ हे शब्द गावंढळ वाटतात. त्यांना सुश्रुताची ‘विषूचिका’ हवी असते. सुया टोचल्यासारखी वेदना म्हणून विषूचिका. शब्द सुरेख आहे आणि ग्रंथ प्राचीन आहे याबद्दल वाद नाही. पण सुश्रुतसंहितेतील विषूचिका अजीर्णातून उद्भवणारी आहे. ती गावेच्या गावे उठवणारी साथ होती, असे त्या वर्णनातून निघत नाही. दोन्हींचे समीकरण मांडताना आपण काय करतो याचे भान या पक्षाला नसते. हा रोग भारतात अडीच हजार वर्षे नांदतो आहे, हे सिद्ध करण्यासाठी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेला याहून सोयीचा साक्षीदार कोठे मिळाला असता? आमच्याकडे सर्व काही आधीच होते असे म्हणणाऱ्याने त्या ‘सर्व काही’त काय काय येते याचाही हिशेब ठेवावा. आणि त्या हिशेबापायी ज्या बोलीतल्या शब्दाला चार शतकांचा लेखी पुरावा आहे, जो पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून फिरून आला, तो मात्र आपल्या घरात अजीर्णापुरता उरला. आज मोडशी म्हणजे ओव्याने बरी होणारी पोटाची तक्रार. मराठीतून युरोपात गेलेल्या शब्दांच्या याद्या आपण कौतुकाने करतो. त्या यादीत पहिल्या पंक्तीला बसणारा हा शब्द किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हे मराठीच्या कोणत्याही प्राध्यापकाने वर्गात विचारून पाहावे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. नाव कसेही पडलेले असो, रोग बंगालच्या उपसागराच्या काठावरूनच वारंवार निघाला ना? होय, निघाला. जंतूंच्या जनुकांचा अभ्यास करणारेही अनेक लाटांचा माग त्याच किनाऱ्यापर्यंत नेतात. उगम नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उगमाचे नाव केव्हा लावायचे आणि केव्हा लपवायचे, हे कोण ठरवतो याचा. १९६१ मध्ये सुरू झालेली सातवी जागतिक साथ इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून निघाली. तिच्या जंतूचे नाव ‘एल टोर’ आहे, कारण १९०५ साली सिनाईतल्या त्या नावाच्या विलगीकरण छावणीत हजहून परतलेल्या यात्रेकरूंच्या प्रेतांत तो सापडला होता. पुन्हा यात्रेकरूच. १९९२ च्या अखेरीस मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर काही शहरांत एक नवा प्रकार दिसला. त्याला पुढच्या वर्षी ‘बंगाल’ हे उपनाव मिळाले. २०१० मध्ये हैतीत ही साथ नेली संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेच्या तळावरील मैल्याने. सुमारे दहा हजार माणसे मेली. संघाच्या सरचिटणीसांनी २०१६ मध्ये हैतीच्या जनतेची माफी मागितली. तेथे गाव, संस्था, नदी, पुरावा सर्व काही उपलब्ध असूनही त्या साथीला संघाचे नाव चिकटले नाही.

याच बंगालमध्ये, कोलकात्यात, १९५९ साली शंभुनाथ डे यांनी हा जंतू आतड्यात विष सोडून पाणी खेचून घेतो हे दाखवले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपले, तेव्हा दिलीप महलनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्याही खाली आले. ते पाणी आज जगभर पाजले जाते. मोडलेले शरीर उभे करण्याची ती युक्ती आहे. बंगालचे नाव जंतूला मिळाले. पुडीवर ते नाही.

हा सगळा वाद शब्दांपुरता राहिला असता तर कोशकारांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. तसे झालेले नाही. रोगाचे नाव आरोप झाले की ते उच्चारण्याची हिंमत कोणी करत नाही. १९९१ मध्ये पेरू देशाने साथ जाहीर केली आणि त्याच्या मासळीवर परदेशी बाजारात बंदी आली; हा धडा इतर सरकारांनी नीट गिरवला. २०१७ मध्ये सुदानात माणसे मरत असताना सरकारी कागदांवर ‘तीव्र जलद्रव अतिसार’ एवढेच लिहिले जात होते. आणि आपल्याकडे? पावसाळ्यात नळाच्या पाण्यात गटार मिसळते, वस्तीतली माणसे रुग्णालयात भरती होतात आणि दुसऱ्या दिवशी ‘गॅस्ट्रो’ची लागण झाल्याचे छापून येते. ‘गॅस्ट्रो’ हा शब्द कोणाचे पोट कशामुळे बिघडले हे सांगत नाही. त्याचा उपयोगच तो आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘गॅस्ट्रोसदृश’. सोळाव्या शतकातल्या गव्हर्नराने घंटा बंद केल्या होत्या. आपण नाम बदलून भागवतो.

२०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन, माणसे कॉलऱ्याने मेली. निदान तेव्हा शब्द कागदावर आला. ‘पटकी’ म्हटले की विहिरीवर धावणारी, पाणी उकळणारी, पोराला घराबाहेर न सोडणारी पिढी आपल्या भाषेने तयार केली होती. ‘गॅस्ट्रो’ ऐकून कोणी उठून विहीर बघायला जात नाही. जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांत गेल्या दहा वर्षांत किती साथींचे पाण्याचे आणि शौचाचे नमुने प्रयोगशाळेत गेले, अहवाल काय आला, आणि अहवाल आल्यावरही नोंदवहीत कोणता शब्द लिहायचा हे कोणत्या टेबलावर ठरले, एवढी माहिती एखाद्या भाषाविभागाच्या विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात मागवावी. प्रबंधासाठी त्याहून जिवंत विषय मला तरी दिसत नाही.